पंचगणीचं बाप-लेक शिबिर : कसं असतं, कुणी जावं, काय सुधारायला पाहिजे

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम. आपल्या मिरज-सांगलीकडच्या काही ख्रिस्ती मंडळ्या मिळून दिवाळीच्या सुट्टीत पंचगणीला बाप-लेक शिबिर घेतात, त्याबद्दल बरेच जण विचारतात की खरंच जाण्यासारखं आहे का, का नुसतं फिरणं आणि जेवण. आम्ही दोघं, म्हणजे मी आणि आमचा नववीतला मुलगा, यंदा जाऊन आलो, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. आधीच सांगतो, जा. मुलगा दहा ते सतरा वयाचा असेल तर पुढच्या वर्षी बघू म्हणू नका, पोरगं बारावीला गेलं की मग क्लास, नीट, सीईटी, आणि मग हॉस्टेल, हातात काही राहत नाही. पाचपैकी चार स्टार देतोय, एक का कापला ते खाली येईलच.

आधी व्यवहाराचं. शुक्रवारी दुपारी सुरू, रविवारी दुपारच्या जेवणानंतर संपतं. बाप आणि एक मुलगा मिळून फी २,४०० रुपये, त्यात राहणं, जेवण आणि एक पुस्तिका, प्रवास आपला आपण. दुसरा मुलगा नेला तर थोडे जास्त पडतात, आणि कुणाला जमत नसेल तर पाळक साहेबांच्या, म्हणजे चर्चच्या पास्टरांच्या, कानावर घालायचं, ते गुपचूप व्यवस्था करतात, चारचौघांत नाव येत नाही, हे मला फार आवडलं. उतरायला जुना बंगला आहे भाड्यानं घेतलेला, कॉटा जुन्या, गाद्या बऱ्या, गरम पाणी बंबाचं आणि ते सकाळी लवकर संपतं, उशिरा उठला तर गार पाण्यानं उरका. थंडी चांगलीच असते, एक रग तिथं मिळतो पण एकानं भागत नाही, घरनं घेऊन जा. जेवण साधं आणि भरपूर, सकाळी पोहे नाहीतर उपीट, दुपारी आमटी-भात-चपाती, शनिवारी रात्री चिकनचा रस्सा आणि भाकरी. रस्सा एक नंबर होता.

जेवणाचंच आणखी एक सांगतो. पहिली पंगत पोरांची आणि वाढायला बाप. सगळे बाप, कुणी सुटत नाही. आमच्यात एक बँकेतले मोठे साहेब होते, एक रिक्षा चालवणारे होते, एक शाळेचे मुख्याध्यापक, सगळ्यांनी बाह्या सरसावून बादल्या घेतल्या आणि ओळीनं आमटी वाढत गेले, आणि पोरं पहिल्या दिवशी एकदम लाजली, मान खाली घालून जेवली. दुसऱ्या दिवसापासून हक्कानं मागायला लागली, "काका, इकडं भात". यावर कुणी भाषण दिलं नाही की योहानाचा तेरावा अध्याय काढून प्रभूनं शिष्यांचे पाय कसे धुतले ते समजावत बसलं नाही. ज्याला कळायचं त्याला वाढता वाढता कळलं.

आता मुख्य भाग, म्हणजे शास्त्राभ्यास. मी आजवर पुरुषांच्या बऱ्याच सभांना बसलोय आणि तिथं बहुतेक वेळा विषय असतो की आजकालची मुलं ऐकत नाहीत, मोबाईलनं वाटोळं केलंय, त्यांना धाकात कसं ठेवायचं. इथं पहिल्याच सत्रात पाळक साहेबांनी पवित्र शास्त्रातलं पहिलं शमुवेल हे पुस्तक उघडलं आणि एलीपासून सुरुवात केली. एली याजक होता, शिलोमध्ये परमेश्वराची सेवा करत होता, आणि त्याची दोन मुलं हफनी आणि फिनहास लोकांनी आणलेल्या अर्पणातलं मांस त्रिशूळी काट्यानं आपल्यासाठी ओढून घेत होती. एलीला हे माहीत होतं. तो बोललाही त्यांना, म्हातारपणी समजावलं. पण थांबवलं नाही, आणि देवाच्या माणसानं येऊन त्याला जे विचारलं ते फार जड आहे, की तू परमेश्वरापेक्षा आपल्या मुलांचा मान जास्त का राखतोस. पाळक साहेबांनी इथं जरा वेळ थांबून एकच विचारलं, रविवारी सकाळी क्लासची टेस्ट ठेवली तर तुमच्या घरात काय होतं? बस्स. हॉलमध्ये कुणी मान वर केली नाही. मुलगा पोटतिडकीनं अभ्यास करतोय हे चांगलंच आहे हो, पण वर्षभर रविवारची उपासना टेस्टसाठी बुडत असेल आणि त्याला होकार आपणच देत असू, तर घरात मान कुणाचा मोठा हे मुलाला बरोबर समजतं, सांगावं लागत नाही.

मग शमुवेल, एलीच्या हाताखाली वाढलेला संदेष्टा. ज्याच्या डोळ्यांदेखत एलीच्या घराचं हे झालं, त्याच शमुवेलाची मुलं बैर-शेब्यात न्याय करायला बसली आणि लाच खायला लागली, आणि वडीलधारे शमुवेलाकडं राजा मागायला आले तेव्हा तेच कारण त्याच्या तोंडावर सांगितलं. मग दावीद राजा. पहिले राजे या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात त्याच्या मुलाबद्दल, अदोनीयाबद्दल, एक ओळ येते, की त्याच्या बापानं जन्मात कधी त्याला तू असं का केलंस म्हणून विचारून दुखवलं नव्हतं. मी हा अध्याय किती वेळा वाचला असेल पण ती ओळ तशी कधी थांबून बघितली नव्हती. याजक, संदेष्टा, राजा, तिघंही देवाची माणसं, आणि तिघांच्या घरात हे. त्यांनी असं का केलं याचं कारण पाळक साहेबांनी मनानं जोडलं नाही, जे लिहिलंय तेवढंच वाचलं, आपलं तिखट-मीठ घातलं नाही, म्हणून ते जास्त लागलं.

आणि हे सगळं चालू असताना आपला मुलगा शेजारी बसलेला असतो हे लक्षात घ्या. माझ्या मते या शिबिराचं सगळं सार तिथंच आहे. मुलाला कसं घडवायचं ही विद्या इथं बापाला मिळत नाही, तिच्यासाठी जाऊ नका. इथं आधी बापाला वचनाखाली बसवतात, आणि ते मुलाच्या देखत. घरी पोरगं आपल्याला कायम खुर्चीतून बोलताना बघतं, पवित्र शास्त्र आपण वाचायचं आणि त्यातला बोध त्यानं घ्यायचा अशी वाटणी झालेली असते. इथं ते बघतं की पप्पांना पण कुणीतरी विचारणारा आहे, पप्पा पण ऐकून घेतायत. माझ्यावर त्याचा जेवढा परिणाम झाला त्याहून मुलावर जास्त झाला असं मला वाटतं, कारण त्या संध्याकाळी तो स्वतःहून माझ्या शेजारी येऊन बसला, एरवी मित्रांच्यात पळाला असता.

वाचनाची पद्धत पण चांगली ठेवलीय. एक वचन बापानं, एक लेकानं, असं आळीपाळीनं. आता आमची पोरं इंग्लिश मीडियमची, मराठी बोलतात धडधड पण पवित्र शास्त्रातली मराठी वाचताना अडखळतात, जोडाक्षर आलं की थांबतात. नियम असा की बापानं मध्ये बोलायचं नाही, शब्द पुरा करून द्यायचा नाही, "अरे नीट वाच" तर अजिबात नाही. पवित्र शास्त्रातल्या अनुवाद या पुस्तकाचा सहावा अध्याय होता, घरी बसलेला असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना ही वचनं मुलांच्या मनावर बिंबवा असं आहे तो, आणि आमचा मुलगा एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होता, मला त्याचं ते बोट दिसत होतं, नखाला शाई लागलेली, एका ओळीवरनं दुसऱ्या ओळीवर जाताना चुकून वरच्याच ओळीवर जायचं आणि परत खाली यायचं. चार वचनं संपायला बराच वेळ गेला. पण ती चार वचनं त्याची झाली, तो आता घरी कुटुंब प्रार्थनेला स्वतः वाचतो म्हणतो. मात्र पुस्तिका नुसती मराठीत न ठेवता पोरांसाठी शेजारी इंग्रजी छापली तर फार बरं होईल, समिती वाचत असेल तर एवढं मनावर घ्या.

लूकच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायावर एक सत्र होतं. बापाचा पैसा उधळून परत घरी येणाऱ्या उधळ्या पुत्राचा दाखला आपण संडे स्कूलपासून ऐकतोय, नवीन काय सांगणार असं वाटलं होतं. पण सांगितलं ते बापाबद्दल. तो बाप त्या गोष्टीत दोनदा घराबाहेर पडतो. एकदा धाकट्यासाठी, तो दूर आहे तोवरच त्याला बघून धावत जातो. आणि दुसऱ्यांदा थोरल्यासाठी, जो रुसून अंगणात उभा आहे, आत यायला तयार नाही, त्याचीही समजूत घालायला बापच बाहेर येतो. आपल्याकडं बिघडलेल्या पोरासाठी घर जागं राहतं, आणि जे पोरगं नीट वागतं, मुकाट्यानं दळण आणतं, मार्क आणतं, ते गृहीत धरलं जातं. त्या थोरल्याला पण बाप बाहेर आलेला हवा असतो. आमच्या शेजारच्या कॉटवर एक गृहस्थ होते दोन मुलं घेऊन आलेले, ते त्या सत्रानंतर थोरल्याला घेऊन बराच वेळ व्हरांड्यात बसले होते.

शनिवारी पहाटे टेबल लँडवर चालायला नेतात. मोबाईल शुक्रवारीच पेटीत जमा असतात त्यामुळं फोटो नाहीत, सेल्फी नाहीत, पोरं कुरकुरतात पण थोडा वेळच. वर ते लाल जांभ्याचं पठार, गवत ओलं, आणि धुकं सरलं की खाली धोम धरणाचं पाणी दिसतं, तीच आपली कृष्णा, तिथनं वाई-कराड करत आपल्या सांगलीला येणारी. जोडीजोडीनं चालायचं आणि बापानं उपदेश करायचा नाही, मुलगा विचारेल त्याचं उत्तर द्यायचं. मला वाटलं हा काही बोलणार नाही. त्यानं विचारलं आजोबा काय करायचे. म्हणजे त्याला एवढंच माहीत होतं की आजोबा दवाखान्यात होते. मग मी सांगत गेलो, की मिरजेचं मिशन हॉस्पिटल, १८९४ साली डॉक्टर वॉन्लेस यांनी सुरू केलेलं, तिथं आमचे आप्पा ड्रेसर होते, जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, लांबून लांबून रेल्वेनं पेशंट यायचे, कुणाकुणाच्या जखमांना इतका वास असायचा की घरची माणसं लांब उभी राहायची. आप्पा ड्युटीवरून आले की हातपाय धुऊन प्रार्थनेला बसायचे आणि दिवसभरात ज्यांच्या पट्ट्या बदलल्या त्यांची नावं घेऊन प्रार्थना करायचे, हिंदू, मुसलमान, कुणी असो. आम्ही भावंडं पेंगत असायचो. ती नावं कधी संपायची याची वाट बघायचो. हे सगळं मी मुलाला आजवर सांगितलं नव्हतं कारण कधी विषयच निघाला नाही. तो खाली उतरेपर्यंत विचारत होता, मग पेशंट बरे व्हायचे का, पगार किती होता, ते रागवायचे का. या एका चालण्यासाठी सगळी फी वसूल आहे असं मी म्हणेन.

शनिवारी रात्री पोरं झोपायला गेल्यावर फक्त पुरुषांचं सत्र असतं आणि ते घ्यायला पाळक नव्हते, मंडळीतलेच एक बंधू होते, साखर कारखान्याच्या शेती खात्यात नोकरी, ऊसतोडीच्या टोळ्या आणि मुकादम यांच्यात सगळं आयुष्य गेलेलं. ते बवाजावर बोलले, पवित्र शास्त्रातल्या एका शेतमालकावर. रूथच्या पुस्तकात बवाज शेतात येतो तेव्हा त्याचा पहिला शब्द कापणी करणाऱ्या मजुरांना असतो, परमेश्वर तुमच्याबरोबर असो, आणि ते उलट म्हणतात परमेश्वर तुम्हाला आशीर्वाद देवो. हे बंधू म्हणाले की माणूस देवभिरू आहे का नाही हे त्याच्या चर्चमधल्या साक्षीवरून बघू नका, फडात उभा असलेला मजूर त्याला काय उत्तर देतो त्यावरून बघा. मग पुढं, बवाज आपल्या गड्यांना बजावतो की कणसं वेचायला आलेल्या त्या परक्या बाईला, रूथला, हात लावायचा नाही, तिच्यासाठी मुद्दाम पेंढ्यांतली कणसं टाकत जा, तिला लाज वाटेल असं बोलू नका. आणि रात्री खळ्यावर ती आली तेव्हा गैरफायदा घेतला नाही, सकाळ होताच वेशीवर दहा वडीलधारे बसवून सगळा व्यवहार उघड्यावर केला. फडावरच्या बायकांचं काय होतं, कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, कसं राहतात, आणि आपल्यासारखी देवाचं नाव घेणारी माणसं तिकडं काणाडोळा कशी करतात हे त्यांनी जे सांगितलं ते ऐकून बराच वेळ कुणी काही बोललं नाही. शेवटी मोठ्यानं प्रार्थना करायला कुणी धजेना, मग रिक्षावाल्या बंधूंनी सुरुवात केली. हे सत्र दुप्पट वेळाचं ठेवा, हात जोडून विनंती.

तिथं रात्री पेटी-तबल्यावर भजनं पण झाली, ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची. जाताना गाडीत मुलाला सांगितलं होतं की हे टिळक शेवटच्या काळात इथं साताऱ्यातच येऊन राहिले आणि १९१७ साली त्यांनी देवाचा दरबार हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला, तर त्याला खरंच वाटेना, भजनं लिहिणारी माणसं आपल्या गावांतनं पण असतात हे पोरांना माहीतच नसतं.

आता कापलेला स्टार. रविवारच्या उपासनेला बाहेरून वक्ते बोलावले होते, नाव घेत नाही, आवाज मोठा, माईक त्याहून मोठा. त्यांचा संदेश असा की पुरुष घराचा राजा, त्याचा शब्द शेवटचा, बायकोनं अधीन राहावं, मुलाला काठी दाखवावी. मला हे अजिबात पटलं नाही आणि दोन दिवस जे शिकवलं त्यावर पाणी पडल्यासारखं झालं. प्रेषित पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अधीनतेचं आहे, मान्य, पण त्याच्या आधीच्या वचनात एकमेकांच्या अधीन राहा असं आहे, आणि लगेच पुढं पतीला सांगितलंय की ख्रिस्तानं मंडळीसाठी स्वतःला दिलं तशी प्रीती कर. मरायला तयार राहा असा त्याचा अर्थ होतो, हुकूम सोड असा नाही. काठीचं नीतिसूत्रात आहे, तेही मान्य. पण पौलानं इफिसकरांना आणि कलस्सैकरांना दोन्हीकडं बापांनाच बजावलंय की मुलांना चिडवू नका, आणि कलस्सैकरांना तर ती खचून जातील असंही लिहिलंय. दारू पिऊन घरात मारणारे बाप आपल्या वस्त्यांत कमी नाहीत, आणि त्यातली काही पोरं त्या हॉलमध्ये बसली होती, त्यांच्यासमोर असं बोलताना विचार करायला पाहिजे. समितीला मी हे सांगितलंय, त्यांनी ऐकून घेतलं. येशूला वाढवणाऱ्या योसेफावर बोलले असते तर किती बरं झालं असतं. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्याच्या तोंडचा एक शब्दसुद्धा लिहिलेला नाही, पण रात्री उठतो, बाळाला आणि आईला घेतो आणि मिसरला निघतो.

दुसरी गोष्ट, मुलींचं काय? मला धाकटी मुलगी आहे, सहावीत, आम्ही निघालो तेव्हा ती दारात उभी राहून विचारत होती मी का नाही. माझ्याकडं उत्तर नव्हतं. याईर सभास्थानाचा अधिकारी, लोकांत मान असलेला माणूस, आपल्या बारा वर्षांच्या मुलीसाठी सगळ्यांदेखत येशूच्या पाया पडला. ईयोबानं शेवटी मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन दिलं. सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून बापाचा वाटा मागतात आणि परमेश्वर म्हणतो त्यांचं बरोबर आहे. एवढं सगळं शास्त्रात असताना बाप-लेकीचं शिबिर का नसावं? राहण्याची सोय वेगळी लावावी लागेल, महिला मंडळातल्या दोघी-तिघी सोबत लागतील, पण हे अवघड नाही, मी स्वतः कामाला येईन.

वडील नसलेल्या मुलांना मात्र ते घेतात, हे मुद्दाम लिहितो कारण बऱ्याच विधवा भगिनी नाव बघून मुलाला पाठवत नाहीत. आमच्यात एक मुलगा मामाबरोबर आला होता, एक मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बंधूंबरोबर, आणि त्यांना कुठंही बाजूला काढलं नाही.

शिबिरानंतर महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी मिरजेत सभा असते, तासभर, चहा आणि एक अध्याय. तिथं सगळेच येतात असं नाही, थोडे गळतात, पण जे येतात त्यांच्यात आता पैशाचं, रागाचं, घरातल्या अडचणीचं मोकळं बोलणं होतं. पुस्तिकेत चाळीस दिवसांच्या कुटुंब प्रार्थना आहेत, झेरॉक्स फिकट आहे, चष्मा लागतो, मजकूर चांगला.

नाव द्यायचं तर आपापल्या पाळक साहेबांकडं, दसऱ्याच्या आसपास यादी सुरू होते आणि जागा लवकर भरतात. एसटीनं जाणार असाल तर सांगलीहून सातारा, तिथनं वाईमार्गे पंचगणी. पसरणी घाटात वळणं फार, पोरांना लागते गाडी, निघताना पोटभर खायला घालू नका आणि गोळी जवळ ठेवा. दोन रग, कानटोपी, टॉर्च, आणि प्रत्येकाचं स्वतःचं पवित्र शास्त्र, मोबाईलमधलं चालत नाही कारण मोबाईल पेटीत असतो.